तोंडचं पाणी आणि पाटकरांचं नाव

ओजिमा, कोतो, टोकियो
४ एप्रिल

सौ. सुलेखाबाई पाटकर, मुक्काम ठाणे, यांना रेखा शेवाळेचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे सगळं क्षेम आहे असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. क्षेम असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. तुमचे गुडघे कसे आहेत? शशिकांतरावांचा खोकला गेला का? (गेला नसेल तर ज्येष्ठमध द्या, आणि त्यांनी नको म्हटलं तरी द्या.) माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धीच, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुमचं तुम्ही मनात सुधारून घ्या. फोनवरच सांगितलं असतं, पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन कापता. पत्राचं बरं असतं, मध्येच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंच.

मला आडवळण जमत नाही, म्हणून मुद्दा आधी. मला इथं नव्वद दिवस राहायची परवानगी. माझे दिवस तीन मेला भरतात आणि अस्मिताचे वीस मेला. (हे सुशीलला असंच सांगितलं तर तो घाबरून म्हणाला, "आई, तुझे दिवस भरले असं नको ना बोलूस." मग काय बोलू?) म्हणजे ऐन वेळेला तुमच्या लेकीजवळ बाईमाणूस कुणी नाही. तुमचं सत्तावीस एप्रिलचं तिकीट काढून ठेवलंय आणि तुम्ही तीन आठवड्यांपूर्वी तिला सांगितलंत, की ज्या घरात माझ्या नवऱ्याच्या नावानं थुंकतात त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. तेव्हापासून पोरगी तीच दुपटी पुन्हा पुन्हा धुतेय. तेव्हा आता पहिल्यापासून सांगते. मी शशिकांतरावांच्या नावानं थुंकले नाही. म्हणजे थुंकले, पण त्यांच्यावर नाही. पुढे वाचा.

मी फेब्रुवारीत आले. थंडी म्हणजे हाडं वाजतील अशी, आणि घरात वरून गरम वारा सोडणारं यंत्र दिवसभर चालू. आठ दिवसांत माझं तोंड असं सुकलं की जीभ टाळ्याला चिकटायची आणि सोडवताना टक असा आवाज यायचा. पोळीचा घास तोंडात फिरतोय फिरतोय, खाली उतरायचं नाव नाही. पापड खाल्ला तर तोंडात रद्दी कोंबल्यासारखं. चव गेली. मी हडपसरला बावीस वर्षं पोळीभाजीचं केंद्र चालवलेली बाई, भाजी जिभेवर ठेवली की मीठ किती चिमटी कमी ते सांगणारी, आणि मला आमटीत मीठ आहे की नाही ते आपल्या नातीला, चैत्रालीला विचारायची पाळी आली. ती सहा वर्षांची. तिला सगळंच खारट लागतं.

अस्मिताला मी सरळ सांगितलं, माझ्या तोंडचं पाणी पळालंय. झालं! ती उठली, मला खुर्चीत बसवलं, पाठीवरून हात फिरवायला लागली. "आई, काय झालं? कुणाचा फोन होता का? भूकंप जाणवला का?" मी म्हणतेय अगं तोंड, तोंड, आणि ती म्हणतेय हो हो, घाबरलं की होतं तसं. तिनं सुशीलला ऑफिसात फोन लावला. त्यानं मला पंधरा मिनिटं समजावलं की आपली इमारत हलते ती पडू नये म्हणूनच हलते. (तोवर मला इमारत हलते हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी दोन्ही अर्थांनी पाणी पळालं.) आपल्या भाषेचा हा एक घोळ आहे. खरंच तोंड कोरडं पडलं तर सांगायला शब्द उरलेला नाही, सगळे म्हणींत खर्च झाले.

मग माझे घरचे उपाय. गालात सारखी खडीसाखर. ती विरघळेना, कारण विरघळायला थुंकी लागते. लवंग धरली तर जिभेची आग. चैत्रालीनं मला तिच्या डब्यातलं खारवलेलं आंबट बोर दिलं, उमेबोशी म्हणतात. ते तोंडात टाकलं आणि बाई, डोळ्यांतून, नाकातून, सगळीकडून पाणी आलं, तोंड सोडून. शेवटी दिवसभर पाणी प्यायला लागले. कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत (चोवीस तास उघडं असतं ते दुकान) चहाच्या थंड बाटल्या मिळतात, बिनसाखरेच्या, गवताच्या चवीच्या. त्या पोरांना मी रोजची माहीत झाले.

आता पाणी प्यालं की जे होतं ते होतंच. इथं मी एक गोष्ट लिहिते, ती तेव्हा मी घरात कुणालाही सांगितलेली नव्हती. मला दोन वर्षं झाली, घाई होते. आली की थांबत नाही. खोकला आला, हसू आलं, नळाचा आवाज आला, की पळा. विमानाच्या भीतीनं मी निघायच्या आधी हडपसरच्या डॉक्टरकडून गोळी लिहून आणली. रोज एक सांगितली होती. मी दोन घ्यायचे. (मला धीर नाही, हे तुम्हाला लग्नाच्या याद्या करतानाच कळलं असेल.) तर असं चक्र बसलं: गोळी घेतली की तोंड सुकायचं, तोंड सुकलं की मी पाणी प्यायचे, पाणी प्याले की घाई व्हायची, घाई झाली की गोळी घ्यायचे. बैल घाण्याला फिरतो त्याला निदान तेल तरी निघतं. आणि मला हे चक्र दिसतच नव्हतं हो. मला वाटायचं तोंडाचं दुखणं वरच्या मजल्याचं आणि ते दुसरं खालच्या मजल्याचं, त्यांचा एकमेकांशी काय संबंध?

शेजारच्या दारात मोरिता-सान राहतात. वय एक्याऐंशी, सायकलवरून भाजी आणतात. त्यांना माझं मराठी येत नाही, मला त्यांचं जपानी येत नाही, तरी आमचं छान चालतं, कारण दोघीही ऐकून घेत नाही. त्यांनी माझी जीभ बघितली (मी बिस्किट खाताना खोकले तेव्हा), चैत्रालीला बोलावलं आणि त्या शनिवारी आम्हा दोघींना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. सुशील कामावर, अस्मिताला सातवा महिना, तेव्हा दुभाषी म्हणून चैत्राली. मी तिला म्हटलं, सांग, आजीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. डॉक्टर तरुण, चष्म्याचा. हसेल असं वाटलं. त्यानं पेन खाली ठेवलं, माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं आणि चैत्राली म्हणाली, "आजी, ते विचारतात, केव्हापासून पळालंय?" सुलेखाबाई, खरं सांगते, मला भरून आलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझं दुखणं जसंच्या तसं ऐकलं.

मग त्यानं चावायला गम दिला आणि हातात एक पेला. दहा मिनिटं चावायचं आणि जी थुंकी येईल ती पेल्यात टाकायची. चारचौघांत थुंकायचं नाही म्हणून मी दोन पोरांना बदडलंय, आणि इथं गणवेशातली नर्स शेजारी उभी राहून मान डोलवतेय, थुंका, थुंका. दहा मिनिटांत जेमतेम चमचाभर निघाली. त्यांच्या मते निदान दोन चमचे तरी हवी. थुंकी ही नुसती घाण नव्हे हो, ती दात धुते, घास खाली उतरवते, तोंडात कीड लागू देत नाही. माझ्या दोन दाढा त्या खडीसाखरेनं किडल्या होत्या, ते त्यानं आरशात दाखवलं. खडीसाखर बंद, लवंग बंद, आंबट बोरही रोज नको. पाणी घटाघटा न पिता घोटघोट, ओलं करण्यापुरतं. झोपायच्या आधी तोंडात लावायचा एक लेप दिला. कानापुढे आणि जबड्याखाली बोटांनी चोळायला शिकवलं, तिथं थुंकीचे झरे असतात म्हणे.

आणि मग त्यानं औषधांची वही मागितली. इथं प्रत्येक माणसाजवळ एक वही असते, कुठली गोळी केव्हापासून, सगळं त्यात. माझ्याजवळ कुठली? चैत्राली म्हणाली, "आजी, तू कुठली गोळी घेतेस?" मी म्हटलं, बीपीची एक. बस. तो थांबला, पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. सहा वर्षांच्या नातीच्या तोंडून परक्या पुरुषाला "आजीला थांबत नाही" हे कसं सांगवून घेऊ? मोरिता-सान बसलेल्या, नर्स उभी. खोटं बोलले आणि तिथंच सगळं अडलं. डॉक्टरनं काय, सांगितलेल्यावरच उपाय करायचा.

त्यानं अजून एक सांगितलं होतं, तोंडाचा व्यायाम. तो मोरिता-सान म्हाताऱ्यांच्या सभागृहात मंगळवारी करतात. पहिल्या मंगळवारी मी दारातून आत पाय टाकला आणि जागीच उभी राहिले. तीस-पस्तीस जपानी म्हातारे-म्हाताऱ्या, खुर्च्यांवर ताठ बसलेले, एका सुरात ओरडत होते, "पाटकरा! पाटकरा! पाटकरा!" माझ्या मनात पहिला विचार आला, शशिकांतराव इथं कधी येऊन गेले आणि काय करून गेले? नीट ऐकल्यावर कळलं, ते पा, ता, का, रा आहे. पा म्हणताना ओठ मिटतात, ता म्हणताना जीभ पुढे टेकते, का म्हणताना घसा आवळतो, रा म्हणताना जीभ वळते. सगळं तोंड हलतं आणि झरे जागे होतात. भरभर म्हटलं की त्याचं पाटकराच होतं, माझा इलाज नाही. आणि लक्षात ठेवायला मला सोपं गेलं. घरचं नाव.

जेवायच्या आधी म्हणायचं, मोठ्यानं, म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून म्हणायचे. चैत्राली माझी मास्तरीण. ती जपानीत ओरडायची, मोठ्यानं, आणखी मोठ्यानं! रविवारी साडेदहाला आमचं जेवण लवकर असतं आणि त्याच वेळी आतल्या खोलीत अस्मिता तुमच्याशी बोलत असते (तुमच्याकडे तेव्हा सात वाजतात, हे मला आत्ता कळलं). तर तुम्ही जे ऐकलंत ते असं. मी: "पाटकरा! पाटकरा! पाटकरा!" चैत्राली: "आली का आजी थुंकी?" मी: "आली गं, आली! आज भरपूर आली!" हे तुम्ही तीन रविवार ऐकलंत. मी तुमच्या जागी असते तर पहिल्याच रविवारी विमान पकडून भांडायला आले असते. तुम्ही सोशिक.

माझी चूक एवढीच की अस्मिताला मी काही सांगितलं नव्हतं. त्यात आदल्याच आठवड्यात शशिकांतरावांनी गरोदर बाईनं काय खावं याचा फोनभर लांब उपदेश पाठवला होता आणि मी बोलून गेले होते की पोट त्यांचं नाही म्हणावं. तेव्हा तिला वाटलं, सासू बापावरचा राग रोज ओट्यापाशी काढतेय. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. ताट ठेवायची ते आवाज न करता. (आदळलं असतं तर मी विचारलं तरी असतं.) तुम्ही यायचं नाही म्हणालात त्या दिवशी ती पुढ्यात येऊन उभी राहिली, डोळे लाल. म्हणाली, "आई, माझ्या बाबांनी तुमचं काय वाकडं केलंय?" चैत्रालीला विचारलं असतं तर एका वाक्यात सुटलं असतं, पण मोठी माणसं लहानाला विचारतात कधी?

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तिचा हात धरला आणि सभागृहात नेऊन उभी केली. आतून पस्तीस जण तिच्या माहेरच्या नावानं गर्जतायत. आधी तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ती हसायला लागली. पोट धरून, भिंतीला टेकून, तुमची लेक अशी हसली, मी इतक्या वर्षांत तिला असं हसताना पाहिली नव्हती. मोरिता-सान खुर्ची घेऊन धावल्या. हसता हसता अस्मिता एकदम थांबली, म्हणाली, "आई, मला जायचंय, आत्ता!" सातवा सरलेला, पोटातलं पोर खाली दाबतंय, त्यात हसू. ती धावली. तिच्या मागून मी धावले. ती म्हणाली, "तुम्ही कशाला येताय, मी जाते एकटी." मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही येत गं बये, माझ्यासाठी!"

तिथं दोन दारांआडून, एकमेकींचं तोंड न बघता, मी तिला सगळं सांगितलं. गोळी, दोन गोळ्या, डॉक्टरशी खोटं. तोंड दिसत नसलं की बोलता येतं. पलीकडून आधी पाणी सोडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आई, तुम्ही वेड्या आहात का?" इतकं प्रेमानं मला कुणी वेडी म्हटलेलं नाही.

तिनं गोळीच्या पट्टीचा फोटो काढला, स्वतः दोन डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती गोळी घाई थांबवते, पण जाता जाता थुंकीही थांबवते. एकीलाही तोंड सुकतं, मी तर दोन घेत होते. (मनानं बंद करायची नाही, डॉक्टरला विचारूनच, हे तिनं मला तीनदा म्हणायला लावलं.) आता दुसरी गोळी आहे, एकच, मोजून अस्मिता देते. खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम आहे, आणि घाई आली की पळायचं नाही, दहा अंक म्हणायचे. पंधरा दिवस झाले. काल आमटीत मीठ जास्त पडल्याचं माझं मला कळलं. मी ओरडले, मीठ जास्त झालंय! घरात सगळे टाळ्या वाजवत होते, आमटी कुणी खाल्ली नाही.

तर हे असं आहे. शशिकांतरावांना माझ्याकडून हात जोडून सांगा की परक्या देशात त्यांचं नाव घेतल्यानं एका बाईच्या तोंडाला पाणी सुटलं, याहून मोठा मान विहिणीकडून मिळायचा नाही. तुमचं तिकीट सुशील रद्द करायला निघाला होता, मी करू दिलेलं नाही. तुमच्या घरी तुमच्याहून मोठं कुणी नाही नि लहानही नाही, तेव्हा माझे नमस्कार आणि आशीर्वाद दोघांनी आपापसात वाटून घ्या.

तुमची विहीण,
रेखा शेवाळे

ता. क. – वरचं अस्मितानं वाचलंय, पाकिटावर पत्ता तिनंच घातला. हे खालचं मी पोस्टात उभी राहून, तिथल्या दोरीला बांधलेल्या पेननं लिहितेय. ते तिनं वाचायचं नाही. सुलेखाबाई, तुम्ही पाटकरांच्या अपमानानं अडलेल्या नाही. गेल्या दिवाळीत तुम्ही मला तुमच्या पर्समधून पिन काढायला सांगितलीत, तेव्हा मला तिथं गोळ्यांची गुलाबी पट्टी दिसली. तेव्हा मला काही कळलं नाही. हडपसरच्या डॉक्टरनं माझ्या हातात तीच पट्टी ठेवली तेव्हा कळलं. मग चैत्रालीच्या बारशाला तुम्ही घोटभर सरबतसुद्धा का घेतलं नाहीत ते कळलं, दाराजवळचीच खुर्ची का धरलीत ते कळलं, आणि सहा वर्षांत लेकीकडे यायची सहा तिकिटं गुडघा, खोकला, लग्न, गळती, सुतक, रंगकाम अशी का बुडली तेही कळलं. तुम्हाला नऊ तासांच्या विमानाची भीती आहे. मलाही होती. तुमचं तोंडही सुकत असणार, तुम्ही बोलताना टक वाजतं, मी ऐकलंय. ती पट्टी घेऊन डॉक्टरकडे जा आणि सगळं खरं सांगा, तोंडाचंही. दुभाषी लागणार नाही तुम्हाला, तेवढं तरी सुख आहे.

ता. क. दुसरा – अस्मिताला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. तिला वाटतं तिच्या आईला तिच्यापेक्षा मान मोठा. हे तिनं मला बोलून दाखवलं नाही, दुपटी धुताना दिसलं. ते तुम्ही येऊन खोडा, माझ्याच्यानं खोडता येणार नाही.

ता. क. शेवटचा – सोबत चैत्रालीनं काढलेला कागद आहे. चित्र समजून टाकू नका. विमानतळापासून आमच्या दारापर्यंतची वाट आहे ती, आणि जिथं जिथं फूल काढलंय तिथं तिथं बायकांचं स्वच्छतागृह आहे. एकूण अकरा फुलं. मी प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन आलेय. सगळीकडे बैठक गरम असते, तेवढ्यासाठीसुद्धा यावं असं आहे. विमानात कडेची खुर्ची घेतलीय, मागच्या बाजूची, चार पावलांवर. तिसरं फूल सामान घेऊन काचेच्या दारातून बाहेर पडलात की लगेच उजवीकडे. मी त्याच्या पुढ्यात उभी असेन. आधी जाऊन या, मग भेटू.